चाल सांगते आजार : यंत्राने आणि घड्याळाने चालणे कसे मोजतात



दवाखान्यात गेल्यावर आपला ताप मोजतात, रक्तदाब मोजतात, वजन करतात, बोट टोचून साखर बघतात. पण दारातून टेबलापर्यंत आपण कसे चालत आलो, हे फार थोडे लोक बघतात आणि मोजत तर जवळजवळ कोणीच नाही. घरीही तेच. आजीचा पाय ओढायला लागला की आपण म्हणतो, "वय झालं." ऊस तोडणारा दादा लंगडायला लागला की म्हणतो, "मोळ्या उचलून दमलाय." पोरगं चवड्यावर चालत असेल तर म्हणतो, "सुधारेल हळूहळू." यातले काही खरेच सुधारते. बरेचसे सुधारत नाही, आणि आपण दवाखान्यात पोचतो तेव्हा उपचाराची चांगली वेळ गेलेली असते.

मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत आता संगणकाच्या मदतीने चाल तपासतात. अशा तपासणीची माहिती आणि जाहिरात दोन्ही मोबाईलवर आपल्यापर्यंत येऊ लागली आहेत. म्हणून या महिन्याच्या पाठात तीन गोष्टी समजून घेऊ : संगणक चाल कशी वाचतो, ती तपासणी कोणाला खरोखर उपयोगी आहे, आणि शेळगाव, अंथुर्णे, निमगाव केतकीसारख्या गावांतल्या वस्तीत यंत्राशिवाय आपण काय मोजू शकतो.

१. एक पाऊल म्हणजे किती काम?

उजवी टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालण्याचे एक चक्र पूर्ण होते. निरोगी माणसाच्या चक्रात तो पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ सुमारे २० टक्के. निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १०० ते १२० पावले टाकतो.

हे आकडे बिघडले की शरीर काहीतरी सांगत असते. ज्या पायात दुखते त्यावर माणूस कमी वेळ उभा राहतो आणि दुसरा पाय घाईने टेकवतो. यालाच आपण लंगडणे म्हणतो. ज्याला तोल जाण्याची भीती वाटते तो दोन्ही पाय जास्त वेळ जमिनीवर ठेवतो आणि पावले आखूड टाकतो. चालताना मेंदू, मणका, नसा, स्नायू, खुबा, गुडघा, घोटा, डोळे आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा एकत्र काम करतात. त्यातले कोणीही आजारी पडले तरी ते चालीत दिसते.

२. संगणक चाल कशी वाचतो?

याच्या चार मुख्य पद्धती आहेत.

पहिली पद्धत प्रयोगशाळेची. रुग्णाच्या कमरेवर, गुडघ्यावर, घोट्यावर प्रकाश परतवणारे लहान गोळे चिकटवतात. भोवती लावलेले खास कॅमेरे ते गोळे कुठून कुठे गेले ते टिपतात. जमिनीत बसवलेल्या पट्ट्या पाऊल किती जोराने पडले ते सांगतात. सॉफ्टवेअर हे सगळे जोडून प्रत्येक सांधा किती अंशांत वाकला आणि त्यावर किती भार आला त्याचे आलेख काढते. ही पद्धत सर्वांत अचूक आणि सर्वांत महाग.

दुसरी पद्धत साध्या व्हिडिओची. बाजूने चालण्याचे चित्रण करायचे आणि संगणकावर एक-एक चित्र थांबवून कोन मोजायचे. किनोव्हिया नावाचे मोफत सॉफ्टवेअर यासाठी अनेक फिजिओथेरपिस्ट वापरतात. अलीकडची सॉफ्टवेअर गोळे न चिकटवताच व्हिडिओतला गुडघा, घोटा, खुबा स्वतः ओळखतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ओपनकॅप या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्यात दोन आयफोनच्या चित्रणावरून सांध्यांची हालचाल मोजली जाते.

तिसरी पद्धत अंगावर बांधायच्या लहान सेन्सरची. मोबाईल आडवा केला की चित्र आडवे होते, कारण आत हालचाल ओळखणारी चिप असते. तशीच चिप पायाला किंवा कमरेला बांधली की पावलांची लय आणि वेळ कळते.

चौथी पद्धत दाबाची. बुटातला तळवा किंवा जमिनीवरची चटई पायाच्या कोणत्या भागावर किती दाब पडतो ते दाखवते. साखरेच्या आजारात किंवा कुष्ठरोगात पाय बधिर झाला असेल तर जास्त दाबाच्या जागी जखम होते आणि ती रुग्णाला कळतही नाही. अशा रुग्णासाठी पादत्राण बनवताना हा दाबाचा नकाशा फार उपयोगी पडतो.

३. खरा फायदा कोणाला?

पहिला फायदा मेंदूच्या पक्षाघाताने जन्मापासून पाय ताठर असलेल्या मुलांना. अशा मुलाच्या चालीत खुबा, गुडघा, घोटा तिन्ही गुंतलेले असतात. कोणता स्नायू खरा दोषी आहे आणि कोणता फक्त सावरण्यासाठी तसा वागतो, हे नुसत्या नजरेने ओळखणे अवघड असते. शस्त्रक्रियेत चुकीचा स्नायू सैल केला तर मूल आधीपेक्षा जास्त वाकून चालू शकते. म्हणून अशा मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी चालीचे सविस्तर विश्लेषण करून घेणे फायद्याचे असते.

दुसरा फायदा कृत्रिम पाय बसवलेल्यांना, कारण पायाची लांबी आणि सांध्याची बसवणी मोजून सुधारता येते. तिसरा अर्धांगवायूनंतर चालायला शिकणाऱ्यांना. कंपवाताच्या रुग्णांनाही औषधाने चाल किती सुधारली ते आकड्यात कळते.

मात्र साध्या गुडघेदुखीसाठी, मोचेसाठी किंवा वयामुळे आलेल्या अशक्तपणासाठी संगणकाच्या रंगीत अहवालाची सहसा गरज नसते. तिथे डॉक्टरांची तपासणी, व्यायाम आणि घड्याळ पुरते.

घड्याळाची किंमत कमी समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता आणि नांदेड गाव परिसरात गुईलेन-बारे म्हणजे जीबीएसचा उद्रेक झाला. दूषित पाण्याशी त्याचा संबंध आढळला आणि रुग्णसंख्या २०० च्या पुढे गेली. या आजाराची सुरुवात बहुतेकदा पायांतल्या मुंग्या आणि अशक्तपणाने होते. माणूस जिना चढू शकत नाही, चप्पल पायातून निसटते, आणि अशक्तपणा वर चढत छातीपर्यंत गेला तर श्वास अडतो. जगभर या आजाराची तीव्रता ठरवताना एक साधा प्रश्न विचारतात : रुग्ण १० मीटर आधाराशिवाय चालू शकतो का? आधाराने चालू शकतो का? की अंथरुणाला खिळला आहे? इतक्या गंभीर आजाराची मोजपट्टी १० मीटरच्या चालण्यावर उभी आहे.

४. "नॉर्मल" चाल कोणाची?

सॉफ्टवेअर तुमची चाल एका नमुन्याशी ताडून बघते आणि नॉर्मल की बिघडलेली ते सांगते. हा नमुना कोणाचा असतो? बहुतेक वेळा परदेशातल्या, बूट घालून प्रयोगशाळेच्या सपाट फरशीवर चाललेल्या लोकांचा. चालण्याचा वेग आणि आयुर्मान यांचा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३४,४८५ ज्येष्ठ माणसांची माहिती होती, आणि ती अमेरिका व इटलीतली होती. अभ्यास मोलाचाच आहे. त्यातून कळले की ज्येष्ठांचा चालण्याचा वेग त्यांच्या प्रकृतीची चांगली खूण आहे. पण अनवाणी रानात जाणारी, डोक्यावर मोळी वाहणारी, मांडी घालून जेवणारी, उकिडवे बसून भांडी घासणारी आपली माणसे त्या नमुन्यात नाहीत.

हा प्रश्न नवा नाही. पूर्वी वापरात असलेले परदेशी घडणीचे कृत्रिम पाऊल बुटात घालायचे होते. ते लावून अनवाणी चालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलात उतरता येत नसे. १९६८ मध्ये जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला. शर्मांचे शिक्षण फार नव्हते, पण आपली माणसे कशी चालतात आणि बसतात ते त्यांच्या नजरेला कळत होते. रबराचे ते पाऊल अनवाणी चालण्यासाठी आणि शेतात उतरण्यासाठी केले होते. साधन माणसाप्रमाणे बदलले, तेव्हाच ते माणसाच्या कामी आले.

संगणकाच्या बाबतीतही हेच मागायला हवे. आणखी एक व्यवहाराची अडचण आहे. व्हिडिओवरून सांधे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला लुगड्याआडचा किंवा धोतराआडचा गुडघा दिसत नाही. ते अंदाज बांधते आणि तरीही आकडा छापून देते. म्हणून अशा तपासणीला जाताना अंगालगतची सलवार किंवा पॅन्ट घालावी. बायकांनी वेगळी खोली आणि बाई कर्मचारी मागावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही, ती अचूक मोजणीची गरज आहे.

५. विहाराच्या पडवीत करायची मोजणी

यासाठी मोजपट्टी, खडू, एक पाठीची खुर्ची आणि मोबाईलमधले सेकंदकाटे पुरतात. सपाट जागा हवी. विहाराची पडवी किंवा शाळेचा व्हरांडा उत्तम. चालणाऱ्याच्या शेजारून एकाने हात पुढे ठेवून चालावे, पण धरू नये. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, नुकतेच हाड मोडले असेल तर ही मोजणी करू नये. रोज काठी वापरणाऱ्याने काठी घेऊनच चालावे आणि तशी नोंद करावी.

*पहिली मोजणी : ६ मीटरची.* जमिनीवर १० मीटर म्हणजे सुमारे ३३ फूट जागा आखा. सुरुवातीचे २ मीटर आणि शेवटचे २ मीटर सोडून मधल्या ६ मीटरवर खडूच्या दोन रेघा ओढा. माणसाने नेहमीच्या वेगाने चालायचे, पळायचे नाही. पहिली रेघ ओलांडताना घड्याळ सुरू करा, दुसरी ओलांडताना बंद करा. दोनदा मोजून सरासरी घ्या. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या शिफारशीनुसार ज्येष्ठ माणसाला ६ मीटरसाठी ६ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग कमी समजतात. सहाला सहा, एवढे लक्षात ठेवा.

*दुसरी मोजणी : खुर्चीतून उठणे.* हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उठायचे आणि बसायचे. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी झाली आहे. हात न टेकता उठताच येत नसेल तर तसे लिहा.

*तिसरी मोजणी : उठा, चाला, परत या.* खुर्चीपासून ३ मीटरवर म्हणजे सुमारे १० फुटांवर रेघ आखा. खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. ज्येष्ठ माणसाला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजावे. वळताना किती वेळा तोल सावरावा लागला तेही बघा.

वहीत नाव, वय, तारीख, तिन्ही आकडे आणि काठी होती की नाही ते लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. समजा, एका आजींना चैत्रात ६ मीटरला साडेसहा सेकंद लागले आणि आषाढात नऊ. मग "वय झालं" हे उत्तर पुरे पडत नाही, कारण तीन महिन्यांत कोणाचे वय इतके वाढत नाही. रक्त कमी झाले का, नवीन गोळी सुरू झाली का, डोळ्यात मोतीबिंदू वाढला का, पाय बधिर झाले का, हे डॉक्टरांना विचारायला हवे. त्यांच्यापुढे वही ठेवली की बोलणे नेमके होते.

६. चाल बघून काय ओळखावे?

- अचानक एक पाय किंवा हात लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे : हा अर्धांगवायू असू शकतो. मालिश, लेप यांत वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. लक्षण कधी सुरू झाले ती वेळ लिहून ठेवा.
- दोन्ही पाय काही दिवसांत अशक्त होत जाणे : जीबीएसची शक्यता आहे. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.
- चवडा खाली पडणे, पाय उंच उचलून टाकावा लागणे, चपलेचे पुढचे टोक झिजणे : पायाची नस दबली असेल, साखर वाढली असेल किंवा कुष्ठरोग असेल. अंगावर बधिर चट्टा आहे का ते बघा. कुष्ठरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि आजार बरा होतो.
- आखूड, फरफटणारी पावले आणि चालताना एक हात न हलणे : कंपवाताची तपासणी करून घ्या.
- बदकासारखे डुलत चालणे, हाडे दुखणे : मोठ्या माणसात ड जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते.
- मुलगा वारंवार पडणे, पोटऱ्या फुगीर दिसणे, उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहणे : स्नायूंचा आनुवंशिक आजार असू शकतो. थांबू नका.
- दीड वर्षाचे झाले तरी मूल न चालणे, किंवा सतत चवड्यावर चालणे : बालरोगतज्ज्ञांना दाखवा.
- तरुण वयात खुबा दुखून लंगडणे : घरात सिकलसेल असेल तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. तिकडचे नातेसंबंध असलेल्या घरांनी सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्यावी.

७. जायचे कुठे?

सुरुवात आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. पुढे इंदापूरचे सरकारी रुग्णालय आणि बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते २०१९ पासून सुरू आहे. त्यापुढे पुण्याचे ससून. कृत्रिम अवयवांच्या बाबतीत पुणे जुने केंद्र आहे. सैनिकांसाठीचे आर्टिफिशियल लिंब सेंटर इथे १९४४ पासून चालते.

मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. वाकडे पाऊल आणि जन्मतः निसटलेला खुबा हे दोन्ही त्या यादीत आहेत. वाकडे पाऊल जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर सुरू केले तर बहुतेकदा मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय सरळ होते. मात्र त्यानंतर साधारण चार वर्षांचे होईपर्यंत रात्री खास बूट घालावे लागतात. तिथेच बरीच घरे कंटाळतात आणि पाऊल पुन्हा वळते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचा आजार, कुष्ठरोगातून बरे झालेले आणि सिकलसेलही त्यात येतात. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे सरकारी प्रमाणपत्र लागते. खासगी केंद्राचा संगणकी अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, कोणी तसे सांगून पैसे मागितले तर देऊ नका.

८. तपासणीचे पैसे भरण्याआधी पाच प्रश्न

१. या अहवालाने माझ्या उपचारात काय बदलणार आहे? उत्तर "काही नाही" असेल तर तपासणी नको.

२. अहवाल वाचून सांगणारा कोण? यंत्र चालवणारा आणि अहवालाचा अर्थ लावणारा, यांच्यात फरक असतो.

३. माझी चाल कोणाच्या नमुन्याशी ताडणार? माझे वय, उंची, अनवाणी चालणे धरले आहे का?

४. व्हिडिओ कोणाकडे राहणार, किती दिवस? चालीवरूनही माणूस ओळखता येतो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संमतीला महत्त्व आहे. कशाला संमती देतो ते वाचून, नाहीतर वाचून घेऊन, मगच सही करा.

५. हीच तपासणी सरकारी रुग्णालयात किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होते का? रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

शेवटी एक विनंती. वस्तीत कोणी लंगडत असेल तर त्याला त्यावरून नाव पाडू नका, मुलांनाही पाडू देऊ नका. अशा नावामुळेच किती मुली दवाखान्यात जायला लाजतात, हे मी नर्सच्या नोकरीत अनेक वर्षे पाहिले आहे. त्याला त्याच्या नावाने हाक मारा आणि विचारा, "दादा, पाय कधीपासून ओढतोय? दाखवलं का कुणाला?"

येत्या पौर्णिमेला विहारात जमल्यावर तरुण मुलामुलींनी खडू आणि मोजपट्टी आणावी आणि साठीपुढच्या प्रत्येकाची सहा मीटरची मोजणी करून वहीत लिहावी. ज्यांना सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले त्यांची नावे आशाताईंना द्यावी आणि त्यांच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार ते तिथेच ठरवावे.